भुजावंतीचा गुन्हा, शशांगराचा निकाल: नवनाथांच्या पोथीतली शोकांतिका

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा सावकाश वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना फुटलेले फाटे काढलेत, बाकी बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे शोकांतिका. राजघराणं, तरुण राणी, सावत्र मुलगा, नको त्या ठिकाणी जडलेला जीव, खोटा आळ आणि बापाच्या हातून मुलाचा घात. असं म्हटलं की ज्यांनी नाटकाचा अभ्यास केलाय त्यांना लगेच ग्रीस आठवतं, फ्रान्स आठवतो. युरिपिडीस, रासीन वगैरे. त्यांच्याकडे आपण येणारच आहोत. पण त्याआधी घरातल्या देव्हाऱ्याशेजारी लाल फडक्यात बांधून ठेवलेली पोथी उघडू या. कारण हीच शोकांतिका तिथे आहे, मराठीत आहे, पद्यात आहे. आणि आपल्याकडे ती दरवर्षी मोठ्याने वाचली जाते.

मी बोलतोय ते ‘नवनाथ भक्तिसार’बद्दल.

पोथी कोणती, गोष्ट कुठे

धुंडीसुत मालू नरहरी यांनी शके १७४१ मध्ये, म्हणजे इसवी सन १८१९ मध्ये ही पोथी पुरी केली. चाळीस अध्याय, सुमारे साडेसात हजार ओव्या. श्रावणात किंवा माघातल्या धर्मनाथ बीजेच्या आगेमागे तिची पारायणं होतात. कुणी नऊ दिवसांत पुरी करतात, कुणी रोज एक अध्याय घेऊन चाळीस दिवस चालवतात. शेवटच्या अध्यायात कुठला अध्याय वाचल्याने काय फळ मिळतं याची यादीच दिलेली आहे. त्यामुळे बरेच जण पोथी वाचतात ती फळासाठी, आणि गोष्ट कानावरून जाते.

ओवीचा हा एक गुण म्हणा, दोष म्हणा. तीन चरण एकाच यमकाचे, चौथा आखूड आणि मोकळा. वाचणारा एकदा लयीत शिरला की भराभर पुढे सरकतो. भयंकर प्रसंगसुद्धा त्याच चालीत निघून जातो. कृष्णागराचे हातपाय तोडण्याची ओवी आणि स्वयंपाकाच्या पंक्तीची ओवी, दोन्ही एकाच सुरात. म्हणून आज आपण जरा थांबून ही गोष्ट बघू.

ती येते तिसाव्या-एकतिसाव्या अध्यायात. चौरंगीनाथांची कथा म्हणून ती ओळखली जाते.

गोष्ट अशी आहे

कौंडण्यपूरचा राजा शशांगर. मूलबाळ नाही. कौंडण्यपूर म्हटलं की आपल्याला अमरावती जिल्ह्यातलं, वर्धा नदीकाठचं रुक्मिणीचं माहेर आठवतं. पण पोथीतला राजा जातो तो कृष्णा-तुंगभद्रेच्या संगमावर. पोथ्यांचा नकाशा आपल्या नकाशाशी ताडून बघायचा नसतो, पुढे चला. संगमावर अर्घ्य देताना राजाच्या ओंजळीत एक बाळ येतं. शंकराचा प्रसाद. राजा ते राणी मंदाकिनीच्या ओटीत घालतो. मुलाचं नाव ठेवतात कृष्णागर.

मुलगा बारा वर्षांचा होतो. त्याचं लग्न करावं असं राजाच्या मनात येतं आणि मुली बघायला माणसं निघतात. आता इथे नीट लक्ष द्या. मुलासाठी स्थळं बघणं चालू आहे, तेवढ्यात मंदाकिनी वारते. आणि मग राजवाड्यात नवरी येते ती मुलाची बायको म्हणून नाही, बापाची बायको म्हणून. तिचं नाव भुजावंती.

एके दिवशी राजा शिकारीला गेलेला असतो. कृष्णागर वावडी उडवत असतो. वावडी म्हणजे पतंग, हा जुना शब्द पोथीत टिकून राहिलाय. राणी त्याला बघते. बोलावून घेते. आपल्या मनातलं सांगते. तो म्हणतो, तुम्ही माझ्या आई आहात, हे बोलणं शोभत नाही. आणि निघून जातो.

आता राणीला भीती वाटते. याने राजाला सांगितलं तर? तिची दासी तिला युक्ती सुचवते: दागिने उतरवा, पडून राहा, राजा आला की जीव देते म्हणा आणि उलटा आळ मुलावर घाला. राजा शिकारीहून येतो, ऐकतो, खवळतो. चव्हाट्यावर नेऊन मुलाचे हातपाय तोडा, असा हुकूम सुटतो. तो अमलातही येतो.

त्याच सुमाराला मच्छिंद्रनाथ आणि गोरक्षनाथ तिथे येऊन पोचतात. त्या मुलाला राजाकडून मागून घेतात, त्याचं नाव चौरंगी ठेवतात आणि त्याला बदरिकाश्रमी नेतात. एका गुहेत बसवतात. डोक्यावर शिळा, तिच्यावरून नजर हलली तर ती अंगावर पडेल, अशी अट. बारा वर्षं. अंगावर वारूळ चढतं. तपाच्या जोरावर तोडलेले हातपाय पुन्हा फुटतात. मग चौरंगीनाथ कौंडण्यपूरला परत येतो, वाताच्या अस्त्राने राजाची बाग उधळतो, सैन्याची दाणादाण करतो, बापाला ओळख पटते, खरं काय ते बाहेर येतं आणि भुजावंतीला राजवाड्याबाहेर काढलं जातं.

गोष्ट संपली. अध्याय संपला. नैवेद्य दाखवा.

ज्ञानोबांना आठवलं ते काय

ही गोष्ट मालूकवींनी रचून काढलेली नाही, ती फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा सांगतात. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. त्यात एका ओवीत चौरंगी येतो. सप्तशृंगीवर मत्स्येंद्रांची भेट झाली आणि अवयव भंगलेला चौरंगी सर्वांगाने पूर्ण झाला, एवढाच त्या ओवीचा भाव.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. म्हणजे मालूकवींच्या पोथीच्या सव्वापाचशे वर्षं आधी चौरंगीचं नाव ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं. त्याशिवाय एका ओवीत काम भागलं नसतं. पण दोन फरक बघा. एक, ज्ञानदेवांकडे बरं होण्याची जागा सप्तशृंगी आहे, वणीजवळची, आपल्या सह्याद्रीतली. पोथीत ती हिमालयात गेली. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्ञानदेवांच्या ओवीत जखम आहे आणि जखम भरून येणं आहे. राणी नाही, आळ नाही, राजा नाही. त्या ओवीला ‘हे कुणामुळे झालं’ या चौकशीत रसच नाही.

बौद्ध सिद्धांच्या परंपरेतही हा माणूस आहे. तिबेटी भाषेत जपून राहिलेल्या चौऱ्याऐंशी सिद्धांच्या चरित्रांत चौरंगी आहे, राजपुत्र आहे, सावत्र आईचा आळ आहे, तोडलेले हातपाय आहेत. आणि गोरक्ष तिथे गुराखी आहे. बारा वर्षं तो या लोळागोळा झालेल्या माणसाला खाऊपिऊ घालतो. म्हणजे महाराष्ट्रापासून तिबेटपर्यंत ही कथा पोचलेली आहे.

हीच गोष्ट, इतर घरांत

आता बाहेर बघू. या कथेचा सांगाडा कुठे कुठे दिसतो?

अशोकाच्या कथांमध्ये दिसतो. ‘अशोकावदान’ या संस्कृत ग्रंथात सम्राट अशोकाची तरुण राणी तिष्यरक्षिता सावत्र मुलगा कुणाल याच्या सुंदर डोळ्यांवर भाळते. तो नकार देतो. पुढे ती राजाच्या नावाने खोटा हुकूम पाठवते आणि कुणालाचे डोळे काढले जातात.

तेलुगू मुलखात दिसतो. राजमहेंद्रीचा राजराज नरेंद्र, त्याची तरुण राणी चित्रांगी, मुलगा सारंगधर. इथेही शिक्षा तीच, हातपाय तोडण्याची. काही कथनांत तर चित्रांगी आधी राजपुत्रासाठीच पाहिलेली असते.

पंजाबात दिसतो. सियालकोटचा राजा सलवान, तरुण राणी लूणा, मुलगा पूरण. पूरणचे हातपाय तोडून त्याला विहिरीत टाकतात, गोरखनाथ त्याला बाहेर काढतात. नाथपंथीयांच्या लेखी हा पूरण भगत म्हणजेच चौरंगीनाथ. आणि ‘सलवान’ हे नाव कानाला ओळखीचं वाटतंय ना? शालिवाहनाचंच ते बोलीतलं रूप. ज्याच्या नावाने आपण शके मोजतो तोच हा राजा असं मी म्हणत नाही, पण नाव तेच आहे.

आणि ग्रीसमध्ये दिसतो. अथेन्सचा राजा थीसिअस, राणी फेड्रा, सावत्र मुलगा हिप्पोलिटस. युरिपिडीसने यावर लिहिलेलं नाटक इसवी सनापूर्वी ४२८ मध्ये अथेन्सच्या स्पर्धेत पहिलं आलं. त्याने याच विषयावर आधी एक नाटक लिहिलं होतं. त्यातली फेड्रा उघडपणे आपली मागणी मांडते म्हणून लोकांना ते रुचलं नाही, असं म्हणतात. ते नाटक आज पूर्ण मिळत नाही. दुसऱ्या नाटकात फेड्रा गप्प राहायचा प्रयत्न करते, कुढते, शेवटी गळफास घेते आणि मरताना आळाची चिठ्ठी ठेवून जाते. बाप मुलाला शाप देतो, समुद्रातून बैल निघतो, घोडे उधळतात आणि मुलगा रथामागे फरफटत मरतो.

१६७७ मध्ये पॅरिसमध्ये रासीनने हेच कथानक घेऊन ‘फेद्र’ लिहिलं. प्रत्येक ओळ बारा अक्षरांची, यमकाची जोडी पक्की. फ्रेंच पद्यनाटकाचं शिखर म्हणून ते शिकवलं जातं. त्याच्या प्रस्तावनेत रासीनने एक गोष्ट कबूल केलीये. खोटा आळ घेण्याचं काम राजकन्येच्या तोंडी घालणं त्याला फार हलकं वाटलं, म्हणून ते त्याने दाईकडे दिलं.

आता आपली पोथी आठवा. युक्ती कुणी सुचवली? दासीने.

पॅरिसचा दरबारी कवी आणि आपले मालूकवी यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं. पण दोघांच्याही गोष्टीत घाणेरडं काम नोकरमाणसाच्या वाट्याला येतं. राजघराण्यातल्या पापाचा काही भाग स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर काढायचा, ही सोय दोन्हीकडे आहे.

चूक कुठे सुरू झाली?

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्या कथांना आपण सरसकट ‘निषिद्ध प्रेमाची शोकांतिका’ म्हणतो. म्हटलं की डोळ्यांपुढे राणी येते. तिची वासना, तिचा सूड. पारायण संपल्यावर कुणालाही विचारा, ‘या गोष्टीत वाईट कोण?’ उत्तर एकच येईल.

पण निषिद्ध म्हणजे काय? भुजावंती आणि कृष्णागर यांच्यात रक्ताचं नातं नाही. ती त्याची आई झाली कारण त्याच्या बापाने तिच्याशी लग्न केलं. घरात मुलासाठी मुलगी शोधत होते, म्हणजे लग्नाचं वय मुलाचं आलं होतं. त्या घरात त्या वेळी तरुण सून यायची होती. आली ती तरुण सासू, तेही सून नसलेल्या घरात. ज्या दिवशी शशांगर बोहल्यावर चढला त्या दिवशी त्याच्याच वाड्यात हे नातं निषिद्ध झालं. भुजावंतीला कुणी विचारलं असेल, असं पोथीत कुठेही येत नाही. एका राजाने मुलगी दिली, दुसऱ्याने घेतली.

मालूकवी हे लपवत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी सगळे तपशील ओळीने मांडलेत: मुलासाठी स्थळं बघणं, मंदाकिनीचं जाणं, मग बापाचं लग्न. फक्त त्यावर ते थांबत नाहीत. ओवी पुढे जाते, आणि तिच्याबरोबर आपणही.

बापाने मुलाच्या वाट्याचं आयुष्य घेणं हा विषय मराठी वाचकाला नवा नाही. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी १९५९ ची. म्हातारपण नको म्हणून मुलाचं तारुण्य मागून घेणारा राजा आपण शाळा-कॉलेजात असल्यापासून ओळखतो. गिरीश कर्नाडांनी याच ययातीवर कन्नडमध्ये पहिलं नाटक लिहिलं, ते १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. कर्नाडांचा जन्म आपल्या शेजारच्या माथेरानचा, बरं का, १९३८ सालचा. बदलापूरहून कर्जत लोकलने वांगणी, शेलू, नेरळ, आणि वर माथेरान. तर कर्नाडांनी महाभारतात नसलेलं एक पात्र घातलं, पुरूची नवी नवरी चित्रलेखा. नवऱ्याचं तारुण्य सासऱ्याने घेतलंय हे कळल्यावर ती सासऱ्यासमोर उभी राहते आणि म्हणते, तारुण्य तुम्ही घेतलंत, तर त्याबरोबर येणारी मीही तुमचीच जबाबदारी. ययातीला हे ऐकवत नाही. ती विष घेते.

म्हणजे कर्नाडांनी तो प्रश्न सुनेच्या तोंडून विचारून टाकला. भुजावंतीच्या गोष्टीत तो प्रश्न विचारायला कुणी नाही. पण प्रसंग तोच आहे, फक्त उलट्या बाजूने.

लूणाची बाजू

पंजाबीत मात्र एका कवीने राणीलाच बोलतं केलं. शिवकुमार बटालवी. त्याचं ‘लूणा’ हे पद्यनाट्य १९६५ मध्ये आलं आणि त्याला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सूत्रधार आणि नटीने सुरू होणारं, अगदी संस्कृत नाटकाच्या थाटाचं. पण मध्यभागी उभी आहे ती लूणा, शतकानुशतकं शिव्या खाल्लेली. खालच्या जातीच्या गरीब बापाची मुलगी, बापाच्या वयाच्या राजाला दिलेली. बटालवीचा रोख साधा आहे: माझ्या वयाचा मुलगा घरात असताना मला त्याच्या बापाच्या शेजेवर बसवलंत, तर आता पाप फक्त माझ्या एकटीचं कसं?

आपल्या मराठीत भुजावंतीवर असं मोठं काही लिहिलं गेलेलं माझ्या वाचनात नाही. लिहायला जागा मात्र आहे.

पोथीतच एक विचित्र शेजार आहे, तोही सांगतो. चौरंगी गुहेत बारा वर्षं शिळेकडे बघत बसलेला असतो, तेव्हा मच्छिंद्रनाथ कुठे असतात? प्रयागचा राजा त्रिविक्रम मरण पावलेला असतो. मच्छिंद्रनाथ परकायाप्रवेश करून त्याच्या देहात शिरतात आणि राणी रेवतीबरोबर राजा म्हणून राहतात. त्यांना मुलगा होतो तो धर्मनाथ, ज्याच्या नावाने आपण धर्मनाथ बीज करतो. आता बघा, एका राणीने नको त्या माणसाकडे बघितलं म्हणून तिला वाड्याबाहेर काढलं, आणि दुसऱ्या राणीच्या महालात नवऱ्याच्या देहात परका माणूस राहिला तर तिथे सणाचा दिवस झाला. पोथीच्या मते दुसऱ्या गोष्टीमागे नाथांचा हेतू आहे, म्हणून ती वेगळी. श्रद्धेच्या बाजूने ते उत्तर मी समजू शकतो. पण गोष्ट ऐकणाऱ्याने दोन्ही राण्या शेजारी ठेवून बघायला काय हरकत आहे?

मग भुजावंती निर्दोष का?

नाही. हे स्पष्ट बोलायला हवं, कारण राणीची बाजू समजून घेताना मुलगा हरवून जातो.

कृष्णागर लहान आहे. पतंग उडवण्याच्या वयाचा. ती राणी आहे, घरातली सत्ता तिच्या हातात आहे. तिने बोलावलं, मागणी केली, त्याने नाही म्हटलं. त्याच्या बाजूने याला प्रेम म्हणताच येत नाही. आणि स्वतःचा जीव वाचवायला तिने त्याचा जीव पणाला लावला. तिचं दुःख खरं असलं तरी त्या पोराचे हातपाय गेले ते काही खोटे नाहीत. कारण समजून घेणं आणि माफ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बटालवीच्या वाचकांतही यावरून वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत.

पण आपल्याकडे या कथेचा एक गैरवापर होतो, त्याबद्दल मला बोलायचंय. ‘बघा, बायका असे खोटे आळ घेतात’ असं सांगायला ही गोष्ट वापरली जाते. कुणा मुलीने तक्रार केली की कट्ट्यावर कुणीतरी हमखास अशी एखादी जुनी कथा काढतोच. पोथीत आहे, पुराणात आहे, म्हणजे बाईचा स्वभावच असा.

तर पोथी पुन्हा वाचा. कृष्णागराचे हातपाय कुणाच्या शब्दाने तुटले? राणीच्या शब्दाने नाही, राजाच्या. तिने आळ घेतला. निकाल त्याने दिला. मधे काय झालं? काहीच नाही. मुलाला समोर बोलावलं नाही. दासीला विचारलं नाही. प्रधान होते, पुरोहित होते. मुली बघायला पाठवायची वेळ आली तेव्हा त्यांची आठवण झाली होती, आता झाली नाही. रात्र उलटू दिली नाही. शिकारीहून आलेला माणूस, अंगावर अजून रानाची धूळ, त्याने ऐकलं आणि हुकूम दिला.

हेच थीसिअसने केलं. मुलगा समोर उभा राहून शपथा घेत होता, तरी त्याने शाप मागे घेतला नाही. हेच सलवानने केलं. या सगळ्या कथांत राणी बदलते. कुठे ती भोळी आहे, कुठे कपटी, कुठे गळफास घेते, कुठे खोटा हुकूम पाठवते. पण राग आल्याबरोबर निकाल देणारा बाप जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आहे.

म्हणून माझ्या मते या कथेचा धडा ‘बाईवर विश्वास ठेवू नका’ असा नाही. चौकशी न करता दिलेली शिक्षा, ती कुणाच्याही तक्रारीवर असो, न्याय नसते. आणि उलटं बघा. समजा भुजावंतीची तक्रार खरी असती, तर? तरीही चव्हाट्यावर हातपाय तोडून तिला न्याय मिळाला नसता, फक्त राजाचा राग शांत झाला असता. नीट चौकशीची गरज खोट्या आळात सापडलेल्याला असते, तशीच खरी तक्रार करणाऱ्यालाही असते. खरं तर तिला जास्त असते. कारण जिथे चौकशीच होत नाही तिथे खऱ्या-खोट्याचा फरकच उरत नाही, आणि मग लोक सगळ्याच तक्रारींना भुजावंतीची गोष्ट समजायला लागतात.

हातपाय परत येतात, तर ही शोकांतिका कशी?

एका श्रोत्याने आधीच्या भागानंतर विचारलं होतं की आपल्याकडे शोकांतिका का नाहीत, सगळं शेवटी गोड का होतं. चौरंगीची गोष्ट त्यावर चांगलं उत्तर देते.

ग्रीक मुलगा मरतो. आपला मुलगा वाचतो. नाथपंथाला देह घडवता येतो हे दाखवायचंय, म्हणून तोडलेले अवयव परत फुटणं ही त्या पंथाच्या शिकवणीची गरज आहे. पण काय परत येत नाही ते मोजा. हातपाय आले, मुलगा राजवाड्यात राहायला परत आला नाही. तो नाथ झाला. ज्या घरात त्याच्यासाठी मुली बघत होते त्या घरात त्याचं लग्न कधी झालं नाही. बापाला सत्य कळलं, पण शब्द परत घेता आला नाही. आणि राणी गेली ती कुठे गेली, कुणी विचारलं नाही.

पंजाबी कथेचा शेवट जरा वेगळा आहे. पूरण जोगी होऊन परत येतो तेव्हा सुकलेली बाग हिरवी होते आणि तो लूणाला मुलगा होण्याचा वर देतो. त्याच कथेतला पुढचा वीर राजा रसालू तो हाच. आपला चौरंगी बाग उधळतो आणि राणीला वाट धरावी लागते. दोन भाऊ म्हणावेत अशा कथा, पण शेवटी एका राणीच्या पदरात मूल पडतं, दुसरीच्या पायाखाली रस्ता.

यातला कुठला शेवट बरोबर, हे मी सांगणार नाही. पण या श्रावणात किंवा बीजेला घरात पोथी लागली, तर एवढं करून बघा. तिसाव्या अध्यायाला पोचलात की वाचणाऱ्याला जरा हळू वाचायला सांगा. मुलासाठी स्थळं बघायला माणसं निघाली त्या ओव्यांपासून राजाचा हुकूम सुटतो त्या ओव्यांपर्यंत. आणि मग पंगतीला बसल्यावर घरातल्या मोठ्यांना, पोरांना विचारा की राजाने हुकूम द्यायच्या आधी कुणाकुणाला बोलवायला हवं होतं. आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांत हा प्रयोग झाला. दासीचं नाव सगळ्यात आधी लहान मुलांनीच घेतलं.

तुमच्याकडे ही गोष्ट वेगळ्या नावांनी, वेगळ्या शेवटाने सांगत असतील तर जरूर कळवा. विशेषतः कीर्तनात किंवा डवरी गोसाव्यांच्या तोंडून ऐकली असेल तर. पुढच्या भागात रेवती आणि मच्छिंद्रनाथांचा परकायाप्रवेश घेऊ, कारण आज तो दोन ओळींत उरकला आणि तो दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

ऐकत राहा, वाचत राहा. भेटू.